खाणीतली शिट्टी

सिल्व्हर पार्कच्या त्या घरात नळाला पाणी येण्याआधी दगड आले. आम्ही गिरगावातली दीड खोली सोडून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा इमारतीच्या तीनच बाजूंना रंग लागला होता, आणि खाली आवारात भरावाचे ढीग पडलेले होते. मिठागरांची, खाजणाची जमीन ती. ट्रकच्या ट्रक दगड-मुरूम ओतल्याशिवाय तिच्यावर काही उभं राहत नसे. दिवसभर ट्रक रिकामे होताना दगड घरंगळल्याचा आवाज, आणि संध्याकाळी तो थांबला की बेडकांचा. आई म्हणायची, "त्यांची वस्ती आपल्या आधीची आहे, ओरडू दे त्यांना." पाणी टँकरचं. टँकर आला की कुणीतरी जिन्यात हाळी द्यायचं आणि सगळी इमारत बादल्या-कळश्या घेऊन खाली धावायची. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. आई आठवड्याचे सहा दिवस टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करायची आणि सातव्या दिवशी पाणी भरायची. त्या वर्षांतली आई आठवायची म्हटली तर ती बसलेली अशी फक्त लसूण सोलतानाच आठवते, तेही भिंतीला टेकून, डोळे मिटून.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि सुमनआत्या. आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे कुणी कधी विचारत नसे. गिरगावच्या खोलीत तिचाही वाटा होता, म्हणून मीरा रोडच्या घरातही तिची गॅलरी होती. खोली नव्हे, गॅलरी. बाबांनी गॅलरीला काचा बसवून दिल्या होत्या आणि त्यात एक लोखंडी खाट मावत होती. शहरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. कपाटातल्या नमुन्यांची धूळ पुसायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांसाठी खडे मांडून ठेवायचे, आणि नवीन नमुना आला की त्याचं कार्ड लिहायचं. कार्डावर खनिजाचं नाव, सापडल्याचं ठिकाण आणि सगळ्यात खाली संग्राहकाचं नाव. अक्षर आत्याचं, नाव कुठल्यातरी सरांचं. बारा वर्षं ती हे करत होती. अक्षर इतकं सुंदर होतं, की कॉलेजची मानपत्रंसुद्धा तिच्याकडूनच लिहून घेत.

राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती कामावरून येताना आवारातल्या ढिगापाशी थांबली, पर्स काखेत धरून वाकली आणि नारळाएवढा एक काळा दगड उचलून वर घेऊन आली. आई पोळ्या लाटत होती. आत्याने दगड ओट्यावर ठेवला, बत्त्याने दोन ठोके दिले, आणि त्याचे दोन तुकडे झाले. आत पोकळी होती आणि पोकळीभर पांढऱ्या, पिसासारख्या पसरलेल्या चकत्या. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. त्या काळ्या दगडाच्या पोटात असं काही असेल याची मला कल्पनाच नव्हती. आत्या म्हणाली, "हे सगळे डोंगर एकेकाळी वितळलेले होते, नीलू. थंड होताना बुडबुडे राहिले, नंतर त्यांत पाणी झिरपत राहिलं. लाखो वर्षं. त्याचं हे झालं." आई म्हणाली, "बत्ता धुऊन ठेवा."

तिथून सुरुवात झाली. पुढची तीन-चार वर्षं आमच्या गॅलरीत माणसाला वावरायला जागा उरली नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लहान खडे, बुटांच्या खोक्यात कापसावर मोठे, खाटेखाली गोणपाटात न फोडलेले. आणि खिडकीच्या कठड्यावर लोणच्याच्या बरण्या, त्यांत पाणी, पाण्यात लोमोंटाइट. हे खनिज हवेत ठेवलं की त्याच्यातलं पाणी उडून जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची भुकटी होते, म्हणून ते पाण्यात ठेवायचं. दर पंधरवड्याला आत्या ते पाणी बदलायची. चार मजले चढवून आणलेलं पाणी. यावरून घरात जेवढी धुसफूस झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसेल. आई आवाज चढवत नसे. ती फक्त रिकामी कळशी गॅलरीच्या दारात ठेवून जायची. आत्या मुकाट्याने ती उचलून खाली जायची. शेजारच्या कोकिळाबेन जिन्यात भेटल्या की आत्याच्या पिशवीकडे बघून म्हणायच्या, "आज फिर पथ्थर? अरे, सब लोग भाजी लाते हैं." आत्या हसायची. ती हसायची ते कुणाला दिसू नये अशा बेताने.

रविवारी आम्ही दोघी खाणीवर जायचो. काशिमीऱ्याच्या नाक्यावर बस सोडायची आणि घोडबंदरच्या रस्त्याने चालत सुटायचं. उजव्या हाताला डोंगर कापलेला दिसायचा, वर झाडी आणि खाली एकदम उभा काळा कडा. आत्याची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि भाजीच्या पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला हातोडा आणि दोन छिन्न्या. डब्यात पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या आणि लसणीची चटणी. (आता त्या जागी तीस मजली टॉवर उभे आहेत आणि समोरून मेट्रोचे खांब गेलेत. मागच्या वर्षी रिक्षातून जाताना मी मान वळवून बघितलं. डोंगराचा कापलेला भाग पार्किंगच्या मागे अजून दिसतो. गुडघे दुखत होते, म्हणून उतरले नाही. खरं सांगायचं तर गुडघे दुखत नसते तरी उतरले नसते.)

खाणीला सुट्टी अमावास्येची; रविवारी काम चालू असे. मुकादम उत्तरेकडचा, मोठ्या मिशांचा माणूस. पहिल्यांदा त्याने आम्हाला हाकललं, दुसऱ्यांदा हाकललं, तिसऱ्यांदा म्हणाला, "मैडम, आप पढ़ी-लिखी हो, आपको क्या मिलता है इसमें?" आत्याने त्याला एक फोडलेला दगड उन्हात धरून दाखवला. त्याने तो बराच वेळ हातात फिरवला. मग एकच अट घातली. शिट्टी झाली की हातातलं टाकून निघायचं. सुरुंग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उडवत. दोन शिट्ट्या असायच्या. पहिली लांब, म्हणजे आवरा आणि शेडच्या मागे चला. दुसरी तुटक-तुटक, म्हणजे वात पेटवली.

तिथे खडी फोडायला भाईंदर पूर्वेच्या खारी गावातून काही बायका ट्रकने यायच्या. त्यांतली एक पारूबाई. पस्तिशीची असेल, रुंद खांद्यांची, कपाळावर गोंदलेलं. पूर्वी मिठागरावर होती. मिठागरावर इमारती आल्या तशी खाणीवर आली. नवरा नव्हता, भावाच्या घरात राहायची. पहिल्या दिवशी आमची पिशवी बघून म्हणाली, "दगर न्यायला बसनं येता व्हय? आमच्या खारीत या, दाराम्होरं ढीग हाय." पण तिलाही डोळा होता. खडी फोडताना एखाद्या दगडात काही चमकलं की ती तो बाजूला ठेवायची आणि रविवारी पदराखालून काढून आत्यापुढे धरायची. "ह्यो बग. काय नाव याचं?" आत्या नाव सांगायची, आणि पारूबाई ते आपल्या परीने म्हणायची. स्टिल्बाइटला ती इस्टीलबाई म्हणायची. दुपारी शेडमागे आम्ही तिघी एकत्र जेवायचो. तिची तांदळाची भाकरी, कांद्यात परतलेली करंदी, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, आमच्या पोळ्या. आत्या घरी दोन घास खाऊन उठायची, तिथे मात्र बोटं चाटून जेवायची. मला वाटतं, आत्याला आयुष्यात मैत्रीण अशी ती एकच मिळाली.

मी बारावीत होते त्या वर्षी खाणीच्या डाव्या टोकाला, एका मोठ्या शिळेच्या आडोशाला, कड्यात एक पोकळी उघडी पडली. पारूबाईनेच दाखवली. तोंड वीतभर रुंद, आत हात घालावा तर कोपरापर्यंत जाई. आत्याने बॅटरी लावून बघितलं आणि ती माझ्या हातात दिली. आत मागच्या भिंतीवर पांढरे गोळे होते. लिंबाएवढे, काही त्याहून मोठे, कापसाच्या बोंडासारखे पिंजलेले. ओकेनाइट. केसाहून बारीक तंतूंचे ते गोळे असतात. बोट लागलं की तंतू चिकटून बसतात आणि पुन्हा कधी उभे राहत नाहीत. आत्याने असे गोळे कपाटाच्या काचेआड पाहिले होते, पण ते वाटाण्याएवढे. "असे कुठेच नाहीत," ती म्हणाली. "आपल्या कॉलेजात नाहीत. कुठेच नाहीत." मग बराच वेळ हातोडा मांडीवर घेऊन नुसती बसली. बसमधून परतताना म्हणाली, "यावर माझं नाव लिहीन. सरांना सांगेन, नमुना देते, पण कार्डावर संग्राहक मी." आयुष्यात तिने एवढं एकच मागितलं असेल.

तो तुकडा सोडवायला तीन रविवार लागले. पोकळीच्या भोवती छिन्नीने खाच पाडत जायची, हलक्या हाताने, धक्का बसू न देता. तोंड मोठं झालं तशी आत्या खांद्यापर्यंत आत शिरून काम करायला लागली. तिसऱ्या रविवारी सकाळी मुकादमाने सांगितलं, "आज इधर का लगेगा. बारह बजे तक जो निकालना है निकाल लो." म्हणजे दुपारनंतर तो कडाच राहणार नव्हता. मला त्या दिवशी बरं नव्हतं, अंग मोडून आलं होतं. आदल्या दिवशी टँकर उशिरा आला होता आणि मी आईबरोबर आठ खेपा घातल्या होत्या. शिळेच्या सावलीत मी कापूस आणि खोका घेऊन बसले होते. साडेअकराच्या पुढे छिन्नीचा आवाज बदलला. पोकळ यायला लागला. आत्या आतून म्हणाली, "सुटतोय. नीलू, सुटतोय गं."

आणि पहिली शिट्टी झाली. लांब, स्पष्ट. शेडकडे जाणाऱ्या बायकांचे आवाज आले, घमेली आपटल्याचे आले. मी उठून उभी राहिले. आत्याचं डोकं आणि खांदे दगडाच्या आत होते. छिन्नी थांबली. आतून तिने विचारलं, "शिट्टी झाली का गं?"

मी म्हणाले, "नाही अजून."

का म्हणाले ते मी पुढे हजार वेळा स्वतःला विचारलंय. तिचं नाव कार्डावर यावं म्हणून, हे एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. तीन रविवार वाया जाऊ नयेत म्हणून, हेही आहे. पण त्या क्षणी मनात एवढंच होतं, की मी फार दमलेय आणि रिकाम्या हाताने ती बस पुन्हा पकडायची नाहीये. छिन्नी पुन्हा सुरू झाली. चार ठोके, पाच ठोके. मी मोजत होते. दुसरी शिट्टी व्हायच्या आत ती निघेल असा मी हिशोब केला होता.

शेडपाशी पारूबाईने बघितलं, आम्ही दोघी नाही. ती मुकादमाला ओरडून सांगायला थांबली नाही, धावत आली. शिळेला वळसा घालून ती आली आणि त्याच वेळी आत्या दगड दोन्ही हातांत धरून बाहेर निघत होती. पारूबाई म्हणाली, "ए बाय, शिट्टी झाली कवाची. चल, चल." तिचं बोलणं संपायच्या आत तुटक शिट्टी सुरू झाली. आत्याने दगड माझ्या खोक्यात ठेवला, हातोडा-टॉवेलची पिशवी उचलली, पारूबाईने आम्हा दोघींना पुढे ढकललं आणि आम्ही धावलो. खोका छातीशी धरून मला नीट धावता येत नव्हतं. शेड वीस-पंचवीस पावलांवर असताना सुरुंग उडाला. पारूबाईने मला खाली दाबलं, माझ्यावर वाकली आणि उजवा हात माझ्या डोक्यावर धरला. धुळीत काही दिसत नव्हतं. बारीक खडे पावसासारखे पडले, आणि मग एक जड आवाज झाला, ओल्या जमिनीवर पाटा पडल्यासारखा. तिचा हात माझ्या डोक्यावरून घसरला. ती ओरडली नाही. "आई गं," असं अगदी हळू म्हणाली.

खडी भरायच्या ट्रकमधून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. आत्याने टॉवेल तिच्या हाताला गुंडाळला होता आणि तो दोन्ही हातांनी आवळून धरला होता. टॉवेल भरला तेव्हा ती म्हणाली, "नीलू, पदर फाड माझा." मी फाडला नाही, कारण माझ्या मांडीवर खोका होता आणि रस्ता खड्ड्यांचा होता. खोका सोडला असता तर गोळे दगडाला घासले असते. समोर बसलेल्या, खडी फोडणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग उठून तिनेच पदर फाडला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

पारूबाईची तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली.

संध्याकाळी घरी सगळं कळलं. आईने सकाळीच ओल्या बोंबलाचं कालवण करून ठेवलं होतं, ते कुणी वाढून घेतलं नाही. बाबा कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. "माझ्या पोरीला घेऊन मेली असतीस. शिट्टी ऐकली नाहीस?"

आत्या जमिनीकडे बघत होती. तिच्या पायात अजून ते बूट होते.

"नाही ऐकली," ती म्हणाली.

"सगळ्या खाणीने ऐकली आणि तू नाही ऐकलीस."

"माझं डोकं आत होतं. चूक माझी आहे, दादा."

मी दाराला टेकून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. आत्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि पुन्हा खाली घातली. मी स्वयंपाकघरात गेले आणि बोंबलाचं पातेलं झाकून ठेवलं. आई मागून आली. तिने माझ्या केसांतली धूळ झटकली, मला स्टुलावर बसवलं आणि बराच वेळ झटकत राहिली, धूळ निघून गेल्यावरही.

दुसऱ्या आठवड्यापासून आत्या कॉलेज सुटल्यावर घरी न येता थेट भाईंदरला उतरून खारीला जायला लागली. रविवारी मीही जायचे. गावाभोवती तेव्हाच इमारती यायला लागल्या होत्या, पण आत शिरलं की तीच कौलं, वाळत घातलेली जाळी, सुकटीचा वास. ज्या आत्याने घरात कधी पातेलं घासलं नव्हतं ती तिथे पाणी भरायची, वाटण वाटायची आणि पारूबाईची वेणी घालायची. एका हाताने सगळं जमतं, वेणी जमत नाही. पारूबाईची भावजय पहिले काही दिवस आमच्याशी बोलली नाही. मग बसायला पाट द्यायला लागली. खाणीच्या लोकांनी मात्र हात झटकले होते. बाई बाहेरच्यांना वाचवायला गेली, कामावर असताना लागलं नाही, असं म्हणाले.

पट्टी सुटल्यावर पारूबाई आत्याला म्हणाली, "त्यो दगर आण एकदा. बगू तरी, कशापायी गेली बोटां."

पुढच्या रविवारी आत्याने खोका नेला. तो तोवर उघडलाच नव्हता. ओटीवर, उजेडात, तिने कापूस बाजूला केला आणि दगड पारूबाईच्या पुढ्यात ठेवला. पांढरे गोळे जसेच्या तसे होते. पारूबाईने आधी नुसतं बघितलं. मग डावा हात पुढे केला आणि लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा मोठ्या गोळ्यावरून फिरवला. तंतू झोपले. तिने दुसऱ्यावरून फिरवला. माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, पण आत्याने माझं मनगट धरलं.

"ह्यो तं कापूस हाय," पारूबाई म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "कापूसच."

तो दगड कॉलेजात गेला नाही. घरी आणल्यावर आत्याने तो खाटेखाली सरकवला आणि त्यावर कार्ड लिहिलं नाही. हातोडा तिने रद्दीवाल्याला दिला. बरण्यांतलं पाणी कुणी बदललं नाही. उन्हाळ्यात ते आटलं, आणि एके दिवशी आईने बरण्या धुवायला घेतल्या तेव्हा तळाशी पांढरी भुकटी होती. आईने ती फेकली नाही. गॅलरीच्या दारात बरण्या ठेवून विचारलं, "याचं काय करू?" आत्या म्हणाली, "टाक." मग आईने त्या तशाच पुन्हा कठड्यावर नेऊन ठेवल्या. आईला दगडांचा इतकी वर्षं कंटाळा होता, पण तिच्यानं त्या टाकवल्या नाहीत.

पारूबाई खचली नाही. एक दिवस तिनेच आत्याला सांगितलं, "आता रोज नको येव. लोकां इचारतात, कोन हाय तुजी." पुढे ती भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागली. डाव्या हाताने तराजू धरायला शिकली, आणि माझ्या लग्नात अख्खी टोपली भरून सुके बोंबील घेऊन आली. मला ती नेहमी "डोक्यावरची पोर" म्हणायची, म्हणजे जिच्या डोक्यावर हात धरला ती. ती हे प्रेमाने म्हणायची. मी दरवेळी मान खाली घालायचे, आणि तिला वाटायचं मी लाजते. तिला सांगायचं असं मी किती वेळा ठरवलं. एकदा बाजारात तिच्यासमोर उकिडवी बसले, तोंड उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "काय गो?" मी म्हणाले, "पाव किलो करंदी दे." पारूबाई वारली तेव्हा मी बँकेच्या बदलीवर बाहेरगावी होते.

मी विज्ञान सोडलं, कॉमर्स घेतलं, बँकेत लागले. आई-बाबा गेल्यावर आत्याला मीरा रोडलाच, हाटकेशला माझ्या घरी आणलं. यजमान गेलेले, मुलगी पुण्याला. आम्ही दोघीच उरलो. माझ्या घरी ती अकरा वर्षं होती. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खालच्या बाकावर. खाणीचं नाव कधी निघालं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने अंथरूण धरलं. तिचं करता करता माझी कंबर मोडून आली होती. साठीच्या बाईने ऐंशीच्या बाईला उचलायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं. एका दुपारी मी तिला मऊ भात भरवत होते. ती दोन घास खाऊन थांबली. बाहेर कुठेतरी ब्रेकर चालू होता, रस्ता फोडत होते. कशामुळे कोण जाणे, कदाचित निव्वळ थकव्यामुळे, माझ्या तोंडून ते निघून गेलं. इतकी वर्षं मनात तयार ठेवलेल्या वाक्यासारखं ते मुळीच नव्हतं.

"आत्या, त्या दिवशी शिट्टी झाली होती. मी तुला खोटं सांगितलं."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे नेहमीच पाणावलेले असत तिचे, ते पाणी रडण्याचं की वयाचं हे कळत नसे.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मलाही ऐकू आली होती."

मी वाटी खाली ठेवली. "मग मला का विचारलंस?"

"कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं ना." ती थांबली, श्वास घेतला. "तू म्हणशील हे मला माहीत होतं. दोष तुझा नव्हता, नीलू. तू लहान होतीस. आता भात दे, गार झाला असेल."

मी भात गरम करून आणला. तिने पाच-सहा घास खाल्ले, त्या आठवड्यात तेवढे कधी खाल्ले नव्हते. मला राग यायला हवा होता, पण रागाला जोर लागतो आणि तो माझ्यात नव्हता. त्यानंतर ती अकरा दिवस होती. आम्ही पुन्हा त्यावर बोललो नाही. मीच विचारलं नाही.

आता ती नाही आणि मला ते कधी कळणार नाही. तिने शिट्टी खरंच ऐकली होती आणि माझ्या तोंडून नकार काढून घेतला, की ऐकलीच नव्हती आणि बाबांपुढे जसा सगळा दोष स्वतःवर घेतला तसा मरतानाही घेतला, मला मोकळं करायला. दोन्ही तिच्या स्वभावात बसतं. ज्या दिवशी अंगात थोडं त्राण असतं त्या दिवशी मी असं मानते की ती माझ्यासाठी खोटं बोलली. दमलेली असते त्या दिवशी वाटतं, तिने ऐकली होती. हल्ली मी बहुतेक दमलेलीच असते.